लहान हात आणि सायकलीचे हँडल

सायकलीचे हँडल हा काही स्मरणिकेत लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची छायाचित्रे असावीत, एखाद-दुसरा बोधपर लेख असावा अशी वहिवाट आहे, आणि ती मोडण्याची मला हौस नाही. परंतु आपल्या सभासदांच्या घरांतून अलीकडे खाली वळलेल्या हँडलच्या, म्हणजे शर्यतीच्या धाटणीच्या सायकली दिसू लागल्या आहेत. बेळगावची हवा थंड, आणि गावाबाहेर पडले की चढउतारांचे रस्ते. त्यामुळे हा छंद येथे रुजला यात नवल नाही. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलींपैकी काहीजणी रविवारी पहाटे येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत जाऊन येतात. थोडी मोठी मुले जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरून सांखळीपर्यंत पोचतात. अशी सायकल घरात येताना रंग पाहिला जातो, गिअर मोजले जातात, किमतीची घासाघीस होते. ज्यावर दोन्ही हात तासन् तास टेकून राहावयाचे त्या हँडलाची मात्र कोणी विचारपूस करीत नाही.

याचा परिणाम काय होतो ते मी शाळेत पाहते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी मोठ्या उमेदीने सायकल चालवू लागते. दोन-तीन महिन्यांत करंगळी बधिर होते, मान धरते, आणि उतारावर तिला भीती वाटू लागते. ती भीती कशाची, हे तिलाही नीट सांगता येत नाही. मग सायकल जिन्याखाली जाते. एका मुलीचे वडील मला म्हणाले, “आपा, पोरीच्या हातात जोरच नाही, तिला ही सायकल झेपायची नाही.” मी म्हटले, “भाई, तिला एकदा माझ्यासमोर ब्रेक दाबू द्या.” मुलीने खालच्या वळणात हात धरून बोटे लांबविली, तेव्हा ब्रेकच्या दांडीला तिच्या मधल्या बोटाचे केवळ टोक लागत होते. जोर असता तरी तो लावावयाचा कोठे? हाताला दोष देण्यापूर्वी हँडल आणि ब्रेक यांची मापे घ्यावीत, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम हाताचे माप. मनगटाच्या आतल्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावावी. प्रौढ पुरुषाचा हात साधारणतः १८ ते १९ सेंटीमीटर भरतो, स्त्रीचा १६ ते १७. वाढत्या वयाच्या मुलामुलींचा त्याहून कमी. दीड-दोन सेंटीमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु बोट ब्रेकच्या दांडीला वेढा घालील की नुसते शिवेल, हे नेमके तेवढ्याच अंतरावर ठरते. शर्यतीच्या सायकली बनविणाऱ्यांनी बराच काळ पुरुषाचा हात हेच प्रमाण धरले होते. लहान हाताचे पुरुषही आपल्यात थोडे नाहीत, तेव्हा हा प्रश्न केवळ स्त्रियांचा समजू नये.

आता हँडलाची रचना पाहू. खाली वळलेल्या हँडलावर हात धरण्याच्या तीन जागा असतात. मधल्या स्टेमच्या दोन्ही बाजूंस जो आडवा सरळ भाग, ती पहिली. तेथे आराम मिळतो, पण ब्रेक हाताशी नसतो. दुसरी जागा म्हणजे पुढे आलेल्या ब्रेकच्या बैठकीवरची रबरी टोपी. तिला सायकलवाले हूड म्हणतात. सर्वांत जास्त वेळ हात येथेच असतो. तिसरी, खालची वळणे, ज्यांना ड्रॉप म्हणतात. वेगात, वाऱ्याविरुद्ध आणि घाट उतरताना हात येथे असावेत, कारण शरीर खाली येते, पकड घट्ट बसते आणि दांडीवर जोर चांगला पडतो.

जोर चांगला का पडतो, हे नववीतल्या तरफेच्या धड्यावरून कळेल. ब्रेकची दांडी ही एक तरफच होय. तिचा टेकू वर, हुडाच्या आत असतो. हुडावर हात असता बोटे टेकूच्या जवळ पडतात. खाली ड्रॉपमध्ये हात असता ती टेकूपासून दूर, दांडीच्या खालच्या भागावर येतात. समजा, पहिल्या ठिकाणी हे अंतर ३ सेंटीमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी ७ सेंटीमीटर आहे. तर तेवढ्याच बोटांच्या जोरात खालून मिळणारा परिणाम वरच्यापेक्षा दुपटीहून अधिक होईल. म्हणून घाटात हात खाली ठेवा असे जाणते सांगतात. लहान हाताची अडचण अशी की जेथे तरफ अनुकूल, तेथेच दांडी हातापासून सर्वांत दूर असते. आणि जेथे दांडी जवळ, तेथे तरफ प्रतिकूल. शिवाय बोटे पूर्ण ताणलेली असताना त्यांच्यातील ताकद निम्मीशिम्मी झालेली असते. बादलीची कडी बोटांच्या टोकांवर उचलून पाहावी, म्हणजे हे पटेल.

चोर्ला घाटाच्या उतारावर ताशी ४० किलोमीटरचा वेग सहज येतो. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दांडीपर्यंत बोट पोचविण्यासाठी पंजा सरकवावा लागला आणि त्यात अर्धा सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. वळणावर समोरून ट्रक येत असता साडेपाच मीटर ही थोडी गोष्ट नव्हे. उतारावर वाटणाऱ्या त्या न सांगता येणाऱ्या भीतीचे मूळ बहुधा येथेच सापडते. ज्याचा ब्रेक हाताशी नाही त्याने भ्यावे हेच शहाणपणाचे.

या अडचणीवरचा पहिला उपाय फुकट आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. आजकालच्या बहुतेक शर्यतीच्या ब्रेकांत दांडी हँडलाजवळ आणण्यासाठी एक बारीक स्क्रू दिलेला असतो. मॉडेलप्रमाणे तो कोठे दांडीच्या माथ्यावर, कोठे हुडाच्या रबराखाली, कोठे नावाच्या पट्टीमागे लपलेला असतो. लहान ॲलन की किंवा बारीक पेचकस एवढेच हत्यार लागते. काही जुन्या व स्वस्त ब्रेकांत स्क्रू नसून रबराची लहानशी पाचर दांडीच्या मुळाशी बसवावी लागते. एकदम पुष्कळ फिरवू नये. पाव फेरा द्यावा, दोन्ही बाजूंस सारखा द्यावा आणि हात धरून पाहावे. खालच्या वळणात मूठ मिटलेली ठेवून फक्त तर्जनी व मधले बोट सोडले असता त्यांची पहिली पेरे दांडीच्या पलीकडे वळली पाहिजेत. नुसती टोके लागून भागत नाही.

दांडी जवळ आणल्यावर एक काळजी अवश्य घ्यावी. ती आता हँडलाच्या जवळ आहे, म्हणजे तिला दाबण्यास जागा कमी उरली. पूर्ण जोराने दाबून पाहावे. दांडी हँडलाला टेकत असेल तर ब्रेक पुरा लागण्यापूर्वीच मूठ संपेल, आणि तो धोका पहिल्यापेक्षा मोठा. दांडी व हँडल यांमध्ये निदान एक बोट अंतर उरले पाहिजे. वायरीचा ब्रेक असल्यास वायर ताणून घ्यावी, रबरे रिमच्या जवळ आणावीत; दोन्ही बाजूंस दीड-दोन मिलिमीटर फट पुरते. गंजलेली वायर आणि वाकलेले केसिंग असेल तर बोटांचा अर्धा जोर तेथेच खर्ची पडतो. ती बदलण्यास फार पैसे पडत नाहीत. मिस्त्रीकडे सायकल देताना “ब्रेक घट्ट करा” एवढेच सांगू नये. दांडी आत घ्या, मग वायर ताणा, असे क्रमाने सांगावे आणि जवळ उभे राहावे. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो आणि थांबविण्याचे मुख्य काम तोच करतो. तेव्हा उजवी दांडी आधी पाहावी.

नवीन सायकल घेणाऱ्यांपुढे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचा पर्याय असतो. त्यात बोटांचा जोर पुष्कळ कमी लागतो, आणि हुडावरूनही ब्रेक चांगला लागतो. मात्र तेलाची नळकांडी हुडातच बसविलेली असल्यामुळे हूड जाडजूड होतो, आणि लहान पंजाला त्याची मूठ नीट भरत नाही. दोन्हींत निवड करावयाची झाल्यास, घाटरस्त्याने जाणाऱ्याने पैसे असल्यास तेलाचाच ब्रेक घ्यावा असे माझे मत आहे. पण दुकानात हूड हातात धरून, अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात तो बसतो की नाही हे पाहूनच. एकाच किमतीच्या दोन कंपन्यांच्या हुडांत आकाराचा फरक आश्चर्य वाटावा इतका असतो.

हा झाला ब्रेकचा विचार. प्रत्यक्ष हँडल निवडताना तीन मापे पाहावी लागतात. रुंदी, पुढची झेप, आणि खालची खोली.

रुंदी खांद्यावरून ठरते. भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहावे. खांद्याच्या वरच्या बाजूस दोन्ही टोकांना जी हाडे हाताला लागतात, त्यांमधले अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. साधारणतः तेवढेच हँडल रुंद असावे. बाजारात ३६ पासून ४४ सेंटीमीटरपर्यंतची हँडले असतात. लहान चणीच्या बाईला किंवा मुलीला ३६ अथवा ३८ पुरते. पण सर्वांत लहान मापाच्या सायकलीवरही कित्येकदा ४० चे हँडल लावून येते. रुंद हँडल धरले की कोपरे बाहेर जातात, मनगट आतल्या बाजूस मुडपते आणि खांद्यांच्या मधोमध दुखू लागते. मापाविषयी एक घोटाळा ध्यानात ठेवावा. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. एकाच हँडलाला एक ३८ म्हणेल तर दुसरी ४०. दुकानदाराच्या आकड्यावर न जाता खिशात शिवणाची टेप न्यावी.

झेप म्हणजे आडव्या भागापासून हँडल पुढे किती गेले ते अंतर. जुन्या शर्यतीच्या हँडलांत ते ९० मिलिमीटर किंवा त्याहून अधिकही असे. आता ७० ते ७५ मिलिमीटरची आखूड हँडले मिळतात आणि लहान अंगाच्या माणसाने तीच मागावीत. खोली म्हणजे वरच्या भागापासून खालच्या वळणापर्यंतचे अंतर. पूर्वी ते १४० मिलिमीटरच्या आसपास असे, आता १२५ किंवा त्याहून कमी असलेली मिळतात. खोली कमी असली म्हणजे खालच्या वळणात हात नेताना कंबर फारशी वाकवावी लागत नाही, आणि ज्या जागेचा ब्रेकसाठी खरा उपयोग तेथे माणूस हात ठेवू लागतो. पुष्कळांच्या सायकलींवर खालच्या वळणांची टेप वर्षानुवर्षे कोरी राहते. तिथवर हात नेणेच त्यांना त्रासाचे असते, हे त्याचे कारण.

वळणाचा आकारही पाहावा. काही हँडलांत खालच्या वळणात मधेच एक सरळ तुकडा असतो. तळहाताला तो सोयीचा वाटतो, परंतु त्याच्यामुळे हात दांडीपासून मागे राहतो. लहान हाताला सलग गोलाकार वळण बरे; त्यात हात पुढे सरकवून दांडीच्या मुळाशी नेता येतो. हूड हँडलावर किती उंचावर बसविला आहे, हेही महत्त्वाचे. तो वर चढविला की हुडावर मनगट सरळ राहते, पण दांडीचे खालचे टोक ड्रॉपपासून दूर जाते. खाली उतरविला की दांडी जवळ येते, पण हूड पुढे झुकतो आणि हात घसरतो. दोन्ही एकदम साधत नाही. तडजोड करावी, आणि घाटात जाणाऱ्याने तडजोडीत ब्रेकच्या बाजूने झुकावे.

आता जाडीविषयी. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. हात दुखतात म्हटले की दुकानदार जाड, मऊ टेप गुंडाळून देतो, वर गादीचे हातमोजेही विकतो. हँडलाची नळी ज्या भागात हातात येते तेथे तिचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर असतो. ब्रेक बसावा म्हणून सर्व कंपन्या तेवढाच ठेवतात. म्हणजे उघड्या नळीचा घेर सुमारे ७५ मिलिमीटर. त्यावर २ मिलिमीटर जाडीची टेप गुंडाळली की व्यास २८ आणि घेर ८८ होतो. साडेतीन मिलिमीटरची गुंडाळली तर व्यास ३१ आणि घेर ९७. टेपचे पदर एकमेकांवर येतात ते वेगळेच. दीड मिलिमीटर जाडी वाढविल्याने मुठीला नऊ-दहा मिलिमीटर जास्त कवटाळावे लागते, आणि बोटांची तेवढी लांबी ब्रेकसाठी कमी पडते. लहान हाताने पातळ टेप घ्यावी. मऊपणा हवाच असल्यास तळहाताखाली येणाऱ्या बाजूस तेवढी जेलची एक पट्टी टेपखाली घालावी. बोटे वळतात त्या बाजूस काही घालू नये.

बधिरपणाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण घरातील वडीलधारी माणसे त्याला अशक्तपणा समजून टॉनिक आणतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग यांना संवेदना पुरविणारी नस तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूस, एका अरुंद बोगद्यातून जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गियाँ यांनी १८६१ साली त्या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. हँडलावर शरीराचा भार आणि रस्त्याचे हादरे नेमके त्याच जागेवर पडले की ही दोन बोटे मुंग्या येऊन बधिर होतात. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मध्यातून जाणारी दुसरी नस दाबली जात आहे असे समजावे. मनगट वर किंवा खाली मुडपलेले राहिल्याने असे होते. कोणती बोटे बधिर होतात हे मुलाला विचारले की दोष कोठे आहे याचा बराचसा उलगडा होतो. सायकल थांबविल्यावरही बधिरपणा जात नसेल, किंवा बोटांतली पकड कमी झाली असेल, तर हँडलाचा विचार बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आणि हातावर भार येतो तो हँडलामुळेच येतो असे नाही. सीटचे टोक पुढे झुकलेले असेल तर माणूस सबंध वेळ पुढे घसरत असतो आणि हात त्याला मागे ढकलत राहतात. सीट सपाट करून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. सायकलची चौकटच मोठी असेल तर मात्र हँडल बदलून फारसे साधणार नाही. पुढल्या वर्षी मूल वाढेल म्हणून दोन मापे मोठी सायकल घेण्याची आपली जी रीत आहे, ती चपलांपुरती ठेवावी. चौकट योग्य असून हँडल जरासे लांब वाटत असेल तर स्टेम बदलावा. ८० किंवा ९० मिलिमीटरच्या जागी ७० चा बसविला की हँडल तेवढेच जवळ येते. त्याहून फार आखूड करू नये, सायकल वळविताना चंचल होते. पुष्कळसे स्टेम उलटे करून बसविता येतात, त्याने हँडल थोडे वर येते आणि खर्च काहीच नाही.

लहान हात व लहान अंग यांचा विचार कोणी केलाच नाही असे मात्र नाही. अमेरिकेत जॉर्जीना टेरी या यंत्रशास्त्र शिकलेल्या बाईंनी घराच्या तळघरात सायकलीच्या चौकटी जोडण्यास आरंभ केला आणि १९८५ साली स्त्रियांच्या सायकलींची स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या लहान मापाच्या सायकलींना पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान असे, जेणेकरून चौकट आखूड होऊन हँडल जवळ यावे. दिसण्यात ती सायकल चमत्कारिकच. पण ज्यांना कधी नीट हात टेकता आला नव्हता त्यांना ती मानवली. पुढे मोठ्या कंपन्यांनीही अरुंद हँडले आणि जवळ येणाऱ्या दांड्या देण्यास सुरुवात केली.

तथापि वाद संपलेला नाही. सायकल शर्यतींची जी जागतिक संघटना आहे, तिने जून २०२५ मध्ये असा नियम जाहीर केला की १ जानेवारी २०२६ पासून रस्त्यावरील शर्यतीत हँडलाची रुंदी बाहेरच्या कडांमध्ये निदान ४० सेंटीमीटर असली पाहिजे. पूर्वी ही मर्यादा ३५ होती. काही पुरुष स्पर्धक वारा चुकविण्यासाठी अतिशय अरुंद हँडले वापरू लागले होते, त्याला सुरक्षिततेसाठी आळा घालावा हा त्यामागचा हेतू. परंतु ज्या स्त्रिया खांद्याच्या मापाप्रमाणे रास्तच अरुंद हँडल वापरीत होत्या, त्यांच्याही हातातून ते गेले, अशी तक्रार स्पर्धक स्त्रियांच्या बाजूने झाली. त्यानंतर दोन हुडांमधील अंतराची अट सैल करण्यात आली. चाळीसचा आकडा मात्र राहिला. पुरुषांच्या एका खोडीवरचा इलाज स्त्रियांच्या मनगटांवर करावा, हे मला न्यायाचे वाटत नाही. आपल्या मुलींना हा नियम लागू नाही, हे सुदैव. त्यांनी खुशाल खांद्याला बेतणारे हँडल घ्यावे.

सरळ हँडलच्या साध्या सायकलींविषयीही थोडे सांगते, कारण ट्रस्टतर्फे शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली द्याव्यात अशी सूचना पुढे आली आहे आणि त्या याच प्रकारच्या असतील. आपल्या वाडवडिलांच्या काळ्या सायकलीला सळईचे ब्रेक असत. त्यांची मूठ दणकट, पण हँडलापासूनचे अंतर कारखान्यात ठरले ते ठरले. आताच्या वायरीच्या ब्रेकांत पुष्कळदा दांडीच्या मुळाशी, मुठीकडच्या बाजूस, अंतराचा लहानसा स्क्रू असतो. अगदी स्वस्त प्लॅस्टिकच्या दांड्यांत तो नसतो. विश्वस्तांनी कोटेशन मागविताना “अंतराचा स्क्रू असलेली धातूची दांडी” एवढे शब्द घालावेत. किमतीत थोडाच फरक पडेल. रबरी मुठीही पातळ मागवाव्यात. आणि सायकली देण्याच्या समारंभाआधी, हार-तुरे व छायाचित्रे होण्यापूर्वी, एखाद्या मिस्त्रीला बोलावून प्रत्येक मुलीच्या हाताप्रमाणे दांडी लावून घ्यावी. एका सायकलीला पाच मिनिटे पुरतात. मुलीचे हात वाढतील तसा तोच स्क्रू उलटा फिरविता येतो.

शर्यतीची सायकल घेणाऱ्याने दुकानात काय करावे ते आता सांगते. सायकल कोणी तरी धरून ठेवावी आणि घेणाऱ्याने तीवर बसावे. हात हुडावर ठेवून कोपरे किंचित वाकलेली राहतात का पाहावे. ताठ झाली तर हँडल लांब आहे. हाताची पाठ व कोपरापर्यंतचा हात एका रेषेत असावा. मग हात खाली न्यावा, दोन बोटांनी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबावेत आणि दहापर्यंत आकडे मोजावेत. दाबून धरताना पंजा पुढे सरकला, किंवा तळहात हँडलावरून उचलला गेला, तर स्क्रू फिरवून पुन्हा पाहावे. हेच एकदा डोळे मिटून करावे, कारण घाटात नजर रस्त्यावर असते आणि बोटांनी दांडी आपोआप सापडली पाहिजे. दुकानदार घाई करीत असेल तर दुसरे दुकान पाहावे.

घरी आल्यावर लगेच चोर्ल्याचा बेत करू नये. आधी कॅम्पातल्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर चार-सहा दिवस खालच्या वळणातून ब्रेक लावण्याचा सराव करावा, मग राजहंसगडाचा उतार. प्रत्येक फेरीनंतर हँडलात एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने बरे वाटले ते कळत नाही. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी ढिली पडते, म्हणून पंधरा दिवसांनी ताण पुन्हा पाहून घ्यावा.